'दिल्ली क्राइम'चा एमी आणि 'शोगुन'चा एमी : पुरस्कार एकच की वेगवेगळे?

निरांजन

नमस्कार. दूरचित्रवाणीवरच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या एमी पुरस्कारांच्या विजेत्यांची यादी मी गेली आठ-नऊ वर्षे बारकाईने वाचते आणि पुढे वर्षभर त्या यादीतल्या जमतील तेवढ्या मालिका पाहते. या सवयीमुळे कितीतरी उत्तम मालिका माझ्या वाट्याला आल्या. मात्र याद्या वाचता वाचता काही प्रश्नही साठत गेले आहेत आणि ते जाणकारांसमोर सविस्तर मांडावेत असे वाटते.

पहिला प्रश्न भाषेचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये 'दिल्ली क्राइम'ला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. भारतीय मालिकेला हा मान प्रथमच मिळत असल्याचे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. पुढे २०२३ मध्ये वीर दास यांच्या 'लँडिंग' या एकपात्री कार्यक्रमाला विनोदी विभागाचा पुरस्कार 'डेरी गर्ल्स' या मालिकेबरोबर विभागून मिळाला. नंतर सप्टेंबर २०२४ मध्ये 'शोगुन' ही बहुतेक संवाद जपानी भाषेत असलेली मालिका लॉस एंजेलिसच्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली, हिरोयुकी सानाडा आणि अ‍ॅना सावाई यांना प्रमुख भूमिकांसाठी पुरस्कार मिळाले, आणि त्यांपैकी कशामागेही 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द नव्हता. जपानी संवादांची मालिका मुख्य पुरस्कारांत बसते आणि हिंदी संवादांची मालिका 'आंतरराष्ट्रीय' ठरते, याचे कारण काय असावे? हा पुरस्कार एकच आहे, की एका नावाचे दोन निरनिराळे पुरस्कार आहेत?

दुसरा प्रश्न 'द बेअर'विषयी आहे. भावाच्या आत्महत्येनंतर त्याचे कर्जात बुडालेले उपाहारगृह चालवायला घेणाऱ्या तरुणाची ही गोष्ट पाहताना माझा जीव अनेकदा गुदमरला, हसू मात्र क्वचितच आले. असे असताना २०२४ मध्ये या मालिकेने विनोदी मालिकांच्या विभागांत ११ पुरस्कार मिळवले, आणि सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान मात्र 'हॅक्स'कडे गेला. विनोदी कोणाला म्हणायचे हे ठरवते कोण?

तिसरा प्रश्न थोडा मनाला लागलेला आहे. 'बेटर कॉल सॉल' ही माझ्या मते गेल्या दशकातल्या सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेल्या मालिकांपैकी एक आहे. सहा पर्वांत तिला एकूण ५३ नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. नामांकन देणारी आणि विजेता निवडणारी माणसे निराळी असतात का? ती नेमके काय पाहून मत देतात?

पडद्यामागे

निरांजन, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की नाव एक असले तरी पुरस्कार वेगवेगळे आहेत आणि ते देणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत. 'शोगुन'ला मिळाला तो प्राइम टाइम एमी. तो लॉस एंजेलिसची टेलिव्हिजन अकॅडमी देते आणि अमेरिकेत संध्याकाळी सहापासून रात्री दोनपर्यंतच्या वेळेसाठी असलेले कार्यक्रम त्यासाठी विचारात घेतले जातात. दुपारच्या मालिका, बातम्या आणि क्रीडा यांचे एमी न्यूयॉर्कची नॅशनल अकॅडमी सांभाळते. 'दिल्ली क्राइम'ला मिळालेला पुरस्कार इंटरनॅशनल अकॅडमी या तिसऱ्या संस्थेचा आहे. ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिचा सोहळा नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला होतो. पूर्वी हा कारभार बराचसा एकत्र होता, पण अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांमधला वाद विकोपाला जाऊन १९७७ मध्ये लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क यांची वाटणी झाली. आपल्याकडच्या बातम्यांत 'एमी' एवढाच शब्द छापला जातो आणि ही वाटणी वाचकाला कळत नाही, त्यामुळे आपला गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे.

सुरुवातीला तर हा पुरस्कार अमेरिकेचासुद्धा नव्हता, केवळ एका शहराचा होता. पहिला सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी हॉलिवूड अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये झाला, लॉस एंजेलिस परिसरात दिसणाऱ्या कार्यक्रमांचाच तेव्हा विचार झाला, आणि दिले गेले ते सहा पुरस्कार. सर्वोत्कृष्ट दूरचित्रवाणी व्यक्तिमत्त्वाचा पहिला मान शर्ली डिन्सडेल या विशीतल्या शब्दभ्रमकार तरुणीला आणि तिच्या ज्युडी स्प्लिंटर्स या बाहुलीला मिळाला. दूरचित्रवाणीचा पहिला मोठा पुरस्कार एका बोलक्या बाहुलीच्या खेळाला मिळावा, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पुरस्काराच्या नावाचा उगमही तंत्रातलाच आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यांत इमेज ऑर्थिकॉन नावाची नळी असे आणि तंत्रज्ञ तिला लाडाने 'इमी' म्हणत. पुरस्काराची मूर्ती स्त्रीची असल्यामुळे त्या 'इमी'चे पुढे 'एमी' झाले. लुई मॅकमनस या अभियंत्याने आपल्या पत्नीला समोर बसवून ती मूर्ती घडवली. मूर्तीचे पंख कलेचे आणि तिने उंचावून धरलेला अणू विज्ञानाचा, असा तिचा अर्थ सांगितला जातो.

आता भाषेकडे येतो. प्राइम टाइम एमीच्या नियमांत संवाद कोणत्या भाषेत आहेत याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते निर्मितीला. अमेरिकेबाहेर तयार झालेला कार्यक्रमही तेथे पाठवता येतो, फक्त चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीपासून अमेरिकन भागीदाराचा त्यात पैशाचा आणि सर्जनशील निर्णयांचा वाटा असावा लागतो, आणि कार्यक्रम अमेरिकेत दाखवण्याचा हेतूही आधीपासूनच असावा लागतो. 'शोगुन' ही एफएक्स या अमेरिकन वाहिनीची निर्मिती आहे आणि तिचे चित्रीकरण मुख्यतः कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात झाले. तिची कथा आणि तिचे नट जपानचे असले तरी नियमांच्या दृष्टीने ती अमेरिकन मालिकाच आहे. या वाटेने तिच्या आधी 'स्क्विड गेम' गेली होती. २०२२ मध्ये त्या कोरियन मालिकेला १४ नामांकने आणि सहा पुरस्कार मिळाले, आणि ली जुंग-जे यांना नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. इंग्रजी नसलेल्या भूमिकेला तो मान त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता. एकच कार्यक्रम प्राइम टाइम आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही ठिकाणी पाठवता येत नाही. म्हणजे प्रवेशिका कोणत्या दारातून पाठवायची, हा निर्णय निर्माते आणि वितरक यांना आधीच करावा लागतो.

म्हणून 'दिल्ली क्राइम'चा पुरस्कार कमी प्रतीचा मानू नये, अशी माझी आपल्याला विनंती आहे. आंतरराष्ट्रीय एमीमध्ये तिची स्पर्धा जगभरच्या देशांतून निवडून आलेल्या मालिकांशी होती. प्राइम टाइम एमी हा एका देशाच्या दूरचित्रवाणी उद्योगाने स्वतःच्या कामाचा केलेला गौरव आहे, आणि त्या उद्योगाचा पसारा जगभर पोहोचल्यामुळे तो जागतिक भासतो.

चौकटीबाहेर

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते विजेत्यांची यादी समजून घेण्याची खरी किल्ली विभागांच्या नियमांत आहे.

अमेरिकन वाहिन्यांवर कित्येक दशके वेळेची चौकट ठरलेली होती. विनोदी मालिका अर्ध्या तासाची असे आणि नाट्यमालिका तासाभराची असे. जाहिराती वगळल्या की कथेला बावीस-चोवीस मिनिटे किंवा चाळीस-पंचेचाळीस मिनिटे उरत, आणि लेखकांनी आपली शैलीही त्या मापाने बेतली होती. तोवर विनोदी कोण आणि नाट्यमय कोण हे वेळापत्रकच सांगत असे. पुढे केबल वाहिन्या आणि स्ट्रीमिंग सेवा आल्या, जाहिरातींची आणि ठरावीक वेळेची बंधने सैल झाली, आणि अर्ध्या तासाच्या गंभीर मालिकाही निघू लागल्या, तासाभराच्या हलक्याफुलक्याही निघू लागल्या.

अकॅडमीने २०१५ मध्ये यावर एक ढोबळ तोडगा काढला. तीस मिनिटांपर्यंतचे भाग असलेली मालिका विनोदी आणि त्याहून लांब भागांची नाट्यमय, असे गृहीत धरायचे, आणि कोणाला ते अमान्य असल्यास त्याने समितीकडे अर्ज करायचा. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' ही तुरुंगातल्या स्त्रियांची मालिका या नियमात सापडली. २०१४ मध्ये ती विनोदी विभागात होती. २०१५ मध्ये निर्मात्यांचा अर्ज फेटाळला गेला आणि तिला नाट्यविभागात जावे लागले. त्यामुळे उझो अडुबा यांना एकाच व्यक्तिरेखेसाठी एका वर्षी विनोदी विभागाचा आणि पुढच्या वर्षी नाट्यविभागाचा पुरस्कार मिळाला. असा दुहेरी मान त्यांच्यापूर्वी फक्त एड अ‍ॅस्नर यांना मिळाला होता. लू ग्रँट ही त्यांची व्यक्तिरेखा आधी एका विनोदी मालिकेत होती आणि नंतर तिच्यावर स्वतंत्र गंभीर मालिका निघाली. अ‍ॅस्नर यांच्या बाबतीत मालिका खरोखरच बदलली होती. अडुबा यांच्या बाबतीत मालिका तीच होती, व्यक्तिरेखा तीच होती, आणि बदलला होता तो फक्त नियम.

मिनिटांचा हा नियम २०२१ च्या अखेरीस मागे घेण्यात आला. आता कोणत्या विभागात प्रवेशिका पाठवायची हे निर्मातेच ठरवतात आणि तो निर्णय तपासण्याचा अधिकार अकॅडमी स्वतःकडे राखून ठेवते. 'द बेअर'चे बरेचसे भाग अर्ध्या तासाच्या आसपासचे आहेत. तेव्हा ती जुन्या मापानेही विनोदी विभागात गेली असती आणि नव्या नियमाप्रमाणेही निर्मात्यांनी तिला तेथेच पाठवले. त्यांचे गणित मला समजते, पण पटत नाही. २०२४ मध्ये तिला विनोदी मालिकांच्या इतिहासातली तोवरची सर्वाधिक, म्हणजे २३ नामांकने मिळाली आणि ११ पुरस्कारही मिळाले. विनोदी लेखनाचे कसब फार अवघड आहे. दोन माणसांच्या संवादात अचूक जागी थांबून हशा मिळवणारी नटी आणि स्वयंपाकघरात आक्रोश करणारा नट यांना एका तराजूत घातले की पारडे बहुतेक वेळा आक्रोशाकडे झुकते. 'हॅक्स'मध्ये जीन स्मार्ट जे करतात ते कोणत्याही गंभीर भूमिकेइतके कठीण आहे, आणि म्हणून त्या वर्षी मतदारांनी मुख्य पुरस्कार 'हॅक्स'ला दिला याचा मला फार आनंद झाला. पुढच्या वर्षी 'द स्टुडिओ' या निखळ विनोदी मालिकेने २३ नामांकनांची बरोबरी केली आणि १३ पुरस्कार मिळवून 'द बेअर'चा विक्रम मोडला.

विभागांची अशीच सरमिसळ नाट्यमालिका आणि लघुमालिका यांच्यातही होते, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण आपली 'शोगुन'च आहे. एका पर्वात कथा संपवणारी लघुमालिका म्हणून तिची आखणी झाली होती. मे २०२४ मध्ये तिची पुढची पर्वे काढण्याची तयारी सुरू झाल्याचे जाहीर झाले आणि प्रवेशिका लघुमालिकेऐवजी नाट्यमालिकांच्या विभागात गेली. त्या वर्षी तिला २५ नामांकने आणि १८ पुरस्कार मिळाले. एका पर्वासाठी एका वर्षात इतके एमी कोणालाही मिळाले नव्हते. आधीचा विक्रम २००८ मध्ये 'जॉन अ‍ॅडम्स' या लघुमालिकेने मिळवलेल्या १३ पुरस्कारांचा होता. 'शोगुन' लघुमालिका राहिली असती तर तिची गाठ त्या वर्षी लघुमालिकेचा पुरस्कार मिळवणाऱ्या 'बेबी रेनडिअर'शी पडली असती, आणि मग तो पुरस्कार दोघींपैकी एकीलाच मिळाला असता. 'डाउन्टन अ‍ॅबी' २०११ मध्ये लघुमालिका म्हणून जिंकली आणि नंतर नाट्यविभागात गेली. 'द व्हाइट लोटस'चाही प्रवास तसाच झाला. यात नियमभंग कोठेही नाही, पण विजेत्याचे नाव वाचताना तो कोणत्या विभागात आणि कोणासमोर उभा होता हे पाहिल्याशिवाय त्या विजयाचे मोल कळत नाही, असे मला वाटते.

जुनी_मालिका

तिसऱ्या प्रश्नाविषयी मी लिहितो. आपला अंदाज बरोबर आहे, कारण नामांकन आणि अंतिम निवड या दोन स्वतंत्र फेऱ्या आहेत. आदल्या वर्षीच्या १ जूनपासून चालू वर्षाच्या ३१ मेपर्यंत दाखवलेले कार्यक्रम विचारात घेतले जातात. टेलिव्हिजन अकॅडमीचे वीस हजारांहून अधिक सभासद आहेत आणि ते व्यवसायानुसार गटांत विभागलेले आहेत. नामांकनाच्या फेरीत अभिनेते अभिनयासाठी मत देतात, लेखक लेखनासाठी आणि संकलक संकलनासाठी. सर्वोत्कृष्ट मालिकेसाठी मात्र सर्वांना मत देता येते. नामांकने जाहीर झाल्यावर प्रत्येक कलावंत आपला एक भाग निवडून मतदारांपुढे ठेवतो. या निवडीला फार महत्त्व असते, कारण वर्षभराच्या कामाची बाजू त्या एका भागाने मांडायची असते.

'बेटर कॉल सॉल'ची अडचण मला येथे दिसते. ती मालिका संथ आहे आणि तिचा परिणाम साठत जाणारा आहे. तिचा नायक जिमी मॅकगिल याच्या चेहऱ्यावरचा एखादा बदल समजायला आधीचे तीस भाग पाहिलेले असावे लागतात, आणि एकच भाग पाहणाऱ्या मतदाराच्या हाती त्यातले फार थोडे लागते. शिवाय तिच्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी पाहा. जिमीची भूमिका करणाऱ्या बॉब ओडेनकर्क यांना प्रमुख अभिनेत्याची सहा नामांकने मिळाली, आणि सहाही वेळा पुरस्कार वेगवेगळ्या माणसाकडे गेला. जॉन हॅम, रामी मालेक, स्टर्लिंग ब्राउन, बिली पोर्टर, ली जुंग-जे आणि कीरन कल्किन यांच्यापैकी कोणाचाही पुरस्कार अनाठायी होता असे मी म्हणू शकत नाही. सर्वोत्कृष्ट मालिकेच्या विभागात तिला तीनदा 'गेम ऑफ थ्रोन्स'ने हरवले आणि तीनदा 'सक्सेशन'ने. तिचे शेवटचे पर्व तर ३१ मेच्या दोन्ही बाजूंना विभागले गेले, एक तुकडा २०२२ च्या स्पर्धेत आणि दुसरा त्यापुढच्या स्पर्धेत, आणि दोन्ही वर्षी मालिकेचे हात रिकामेच राहिले. मात्र 'द वायर'ची आठवण ठेवली तर हे दुःख थोडे हलके होईल. पाच पर्वांत त्या मालिकेला एमीची केवळ दोन नामांकने मिळाली, दोन्ही लेखनासाठी, आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. आज तिच्याविषयी बोलताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मतदानाच्या पद्धतीत झालेला एक बदलही सांगायला हवा. अंतिम निवड पूर्वी छोटी परीक्षक मंडळे करत, आणि नामांकन मिळालेले भाग पाहणे त्यांच्यावर बंधनकारक असे. २०१५ पासून अंतिम फेरी पात्र सभासदांना सरसकट खुली झाली आणि त्याच वर्षी 'गेम ऑफ थ्रोन्स'ने एका वर्षात १२ पुरस्कार मिळवले. त्यापूर्वीचा नाट्यमालिकांचा विक्रम २००० मध्ये 'द वेस्ट विंग'ने मिळवलेल्या नऊ पुरस्कारांचा होता. पुढे २०२० मध्ये 'शिट्स क्रीक'ने विनोदी विभागातले सातही प्रमुख पुरस्कार एका रात्रीत जिंकले. मतदारांची संख्या वाढली की अधिक चर्चेत असलेल्या मालिकेकडे मतांचा ओघ जातो आणि एकाच नावापुढे सगळ्या खुणा होतात, असे माझे मत आहे. मोजक्या परीक्षकांनी बारकाईने पाहण्याची जुनी पद्धत मला अधिक न्याय्य वाटते.

तरीही या मतासमोर उभे राहणारे पुरावे मी लपवणार नाही. 'फ्रेझर'ने १९९४ ते १९९८ आणि 'मॉडर्न फॅमिली'ने २०१० ते २०१४ अशी सलग पाच वर्षे सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान मिळवला, आणि तो जुन्याच पद्धतीने. 'वीप'साठी ज्युलिया लुई-ड्रायफस यांनी २०१२ ते २०१७ अशी ओळीने सहा वर्षे पुरस्कार घेतले. त्यांतली तीन वर्षे जुन्या पद्धतीची होती आणि तीन नव्या पद्धतीची. तेव्हा पुन्हा पुन्हा त्याच विजेत्याकडे वळण्याची प्रवृत्ती पद्धतीपेक्षा जुनी आहे. चित्रपटाला त्याच्या पुरस्काराची संधी एकदाच मिळते. मालिका मात्र दर वर्षी तेच नट आणि तेच लेखक घेऊन परत स्पर्धेत येते, आणि गेल्या वर्षी दिलेले मत बदलण्यासाठी मतदाराला काहीतरी सबळ कारण लागते.

निरांजन

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. निर्मितीच्या निकषाचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. 'दिल्ली क्राइम'विषयी मनात उगाच जी कमीपणाची भावना आली होती तीही गेली.

'द बेअर'विषयी चौकटीबाहेर यांच्याशी मात्र माझा अंशतः मतभेद आहे. मिनिटांचा नियम निर्बुद्ध होता हे मान्य, पण तो सर्वांना सारखा होता आणि त्यात कोणाला डावपेच करता येत नव्हते. निर्मात्यांच्या इच्छेवर विभाग सोडल्यावर ज्या विभागात जिंकण्याची शक्यता अधिक तेथेच प्रवेशिका जाणार, हे उघड आहे. मग खळखळून हसवणाऱ्या नटांनी दाद मागायची कोठे?

आणखी एक शंका आहे. २०२५ मध्ये लघुमालिकेचा पुरस्कार 'अ‍ॅडोलेसन्स'ला मिळाला. ती तर इंग्लंडमध्ये घडणारी, ब्रिटिश लेखकांची आणि ब्रिटिश नटांची मालिका आहे. ती कोणत्या आधारावर पात्र ठरली? शिवाय २०२४ या एकाच वर्षात दोन सोहळे झाल्याचे मला आठवते, त्याचेही कारण कळले तर बरे होईल.

चौकटीबाहेर

आपला आक्षेप रास्त आहे. नियम सारखा असावा ही अपेक्षा मलाही मान्य आहे, पण मिनिटे मोजून ती पूर्ण होत नव्हती, कारण मालिकेचे भाग तीस मिनिटांच्या आत किंवा बाहेर ठेवणे निर्मात्याच्याच हातात होते. माझ्या मते तपासणीचा जो अधिकार अकॅडमीने राखून ठेवला आहे तो तिने प्रत्यक्षात ठामपणे वापरावा, आणि त्यासाठी विनोदी लेखनात आयुष्य घालवलेल्या सभासदांचे मत घ्यावे.

पडद्यामागे

'अ‍ॅडोलेसन्स' नेटफ्लिक्ससाठी तयार झाली आणि तिच्या निर्मात्यांत वॉर्प फिल्म्स या ब्रिटिश संस्थेबरोबर प्लॅन बी ही ब्रॅड पिट यांची अमेरिकन संस्थाही आहे. आधी लिहिलेल्या निकषात ती व्यवस्थित बसते. तिला एकूण आठ एमी मिळाले, त्यांपैकी सहा मुख्य सोहळ्यात आणि उरलेले दोन त्याआधी झालेल्या तांत्रिक व कलाविभागांच्या सोहळ्यात. विजेत्यांची संख्या वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी छापली जाते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. तिचे चारही भाग कॅमेरा मध्ये कोठेही न थांबवता सलग चित्रित केले आहेत, त्यामुळे छायाचित्रणाचा पुरस्कार तिला मिळणे फारच योग्य झाले. ओवेन कूपर या मुलाला वयाच्या पंधराव्या वर्षी सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. अभिनयाचा एमी मिळवणाऱ्या पुरुष कलावंतांत तो सर्वांत लहान आहे, आणि या मालिकेपूर्वी त्याने पडद्यावर कामच केलेले नव्हते.

२०२४ मधल्या दोन सोहळ्यांपैकी जानेवारीतला खरे तर २०२३ चा होता. लेखक आणि अभिनेते यांच्या संपांमुळे तो सप्टेंबरवरून १५ जानेवारी २०२४ वर ढकलला गेला. त्यानंतर १५ सप्टेंबरला त्या वर्षाचा सोहळा वेळेवर झाला. अमेरिकेत जानेवारीचा सोहळा सुमारे ४३ लाख लोकांनी पाहिला, सप्टेंबर २०२४ चा सुमारे ६९ लाखांनी आणि सप्टेंबर २०२५ चा सुमारे ७४ लाखांनी.

२०२५ च्या सोहळ्यातली एक गोष्ट मला आवडली नाही, ती येथे नोंदवतो. सूत्रसंचालक नेट बारगेट्झी यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला एक लाख डॉलर देण्याचे जाहीर केले आणि विजेत्याचे भाषण ४५ सेकंदांपेक्षा लांबले तर दर सेकंदाला हजार डॉलर कापण्याची अट घातली. अखेरीस त्या संस्थेला साडेतीन लाख डॉलर मिळाले, तेव्हा तिचे भलेच झाले. परंतु आयुष्यात एकदा हाती येणाऱ्या क्षणी आपल्या बोलण्यामुळे मुलांचे पैसे कमी होत असल्याचे दडपण विजेत्यांवर यायला नको होते. ट्रॅमेल टिलमन यांना 'सेव्हरन्स'साठी नाट्यमालिकेतल्या सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. कृष्णवर्णीय पुरुष कलावंताला या विभागात तो मान प्रथमच मिळत होता. अशा माणसाला बोलायला मनाजोगता वेळ मिळायलाच हवा.

जुनी_मालिका

पडद्यामागे यांच्याशी मी सहमत आहे. निरांजन, आपल्या तिसऱ्या प्रश्नाला जोडून दोन नावे सुचवतो.

पहिले नाव नोआ वायली यांचे आहे. 'ईआर' या रुग्णालयावरच्या मालिकेत त्यांनी तरुण डॉक्टरची भूमिका केली. तिच्यासाठी त्यांना एमीची पाच नामांकने मिळाली, पण पुरस्कार मिळाला नाही. २०२५ मध्ये 'द पिट' या मालिकेत ते पुन्हा आपत्कालीन विभागातले डॉक्टर झाले, आता केस पिकलेले आणि थकलेले, आणि त्या वर्षी प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना मिळाला. मालिकेलाही सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान मिळाला. पंधरा भागांत एकाच पाळीचे पंधरा तास दाखवणारी ही मालिका आपण पाहिली नसेल तर अवश्य पाहावी.

दुसरे नाव रिया सीहॉर्न यांचे. 'बेटर कॉल सॉल'मधल्या किम वेक्सलरसाठी त्यांना २०२२ मध्ये आणि त्यापुढच्या स्पर्धेत नामांकन मिळाले, पण पुरस्कार मिळाला नाही. 'बेटर कॉल सॉल'च्या दोन निर्मात्यांपैकी व्हिन्स गिलिगन यांनी त्यांना मध्यवर्ती ठेवून 'प्लुरिबस' ही नवी मालिका केली आणि ती नोव्हेंबर २०२५ मध्ये आली. वर दिलेल्या कालमर्यादेनुसार ती २०२६ च्या पुरस्कारांसाठी पात्र ठरते, आणि मतदारांपुढे ठेवण्यासाठी सीहॉर्न यांनी एकच भाग निवडायचा असेल तर माझे मत पहिल्या भागाला आहे.